नकाशा हाती, तरी वाट चुकते

महू ते गोवा या प्रवासाच्या निमित्ताने दिशादर्शक यंत्रांच्या मर्यादांचा विचार

डिसेंबर उजाडला की किनारपट्टीवर परप्रांतीय गाड्यांची वर्दळ वाढते. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या गाड्यांचे अप्रूप कोणाला राहिलेले नाही. परंतु अलीकडच्या हंगामांत ‘एमपी ०९’ असा क्रमांक मिरविणाऱ्या गाड्याही कळंगुट-बागापासून पाळोळेपर्यंत नजरेस पडतात. हा क्रमांक इंदूरचा. इंदूरच्या दक्षिणेस, आग्रा-मुंबई रस्त्याला लागून असलेल्या महू या लष्करी छावणीच्या गावातील गाड्याही याच क्रमांकाने धावतात. महूहून पणजी अकराशे किलोमीटरच्या आसपास. चालक बदलत, एखादा मुक्काम करीत कुटुंबे हे अंतर कापतात, आणि वाटेत कोणी कोणाला रस्ता विचारीत नाही. काचेला चिकटविलेला मोबाइल सांगेल तिकडे गाडी वळते.

ती कुठे वळते याचा एक नमुना डिसेंबर २०२४ मध्ये पाहावयास मिळाला. उत्तरेकडून गोव्याला निघालेले एक कुटुंब बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, शिरोली-हेम्मडगा परिसरातील जंगलात रात्री जाऊन अडकले. नकाशाने जवळचा म्हणून दाखविलेला रस्ता भीमगड अभयारण्याच्या दाट रानात शिरला होता. मोबाइलला नेटवर्क नव्हते. रात्र गाडीत काढून, काही किलोमीटर पायी चालून संपर्क मिळाल्यावर ११२ क्रमांकावर फोन लागला, तेव्हा कुठे पोलीस पोहोचले. जीव वाचले म्हणून ही घटना बातमीपुरती उरली.

सगळ्यांचेच दैव इतके बलवत्तर नसते. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील कोतूळ येथे, धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलावर नकाशाच्या भरवशावर गाडी गेली आणि एकाला जलसमाधी मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे दगावले. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरच्या खाडीत पुलाऐवजी जेटीच्या रस्त्याने गेलेली एक गाडी पाण्यात पडली. सागरी पोलीस जवळच होते म्हणून चालक महिला बचावली. या साऱ्या घटनांत दोष नकाशाचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात प्रश्न बराच गुंतागुंतीचा आहे, आणि गाडीसाठी वेगळे दिशादर्शक यंत्र घ्यावे की मोबाइलवर भागवावे, हा साधा वाटणारा सवालही त्याच गुंत्याचा एक पदर आहे.

महू हे गाव या चर्चेत केवळ प्रवासाचे टोक म्हणून येत नाही. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांच्या मुलखात वसविलेली ही छावणी. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म येथे झाला, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. आज येथे लष्कराच्या तीन महत्त्वाच्या प्रशिक्षण संस्था आहेत : पायदळाची शाळा, दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज. अनोळखी मुलखात वाट कशी काढावी, संदेश कसा पोहोचवावा आणि शत्रूचा संदेश कसा बिघडवावा, हे शिकविणारे गाव म्हणजे महू. ऑगस्ट २०२५ च्या २६ व २७ तारखांना येथेच ‘रण संवाद’ हा तिन्ही सैन्यदलांचा परिसंवाद भरला. विषय होता युद्धावर होणारा तंत्रज्ञानाचा परिणाम.

उपग्रहाचा संकेत दाबता येतो, खोटाही पाठविता येतो, हे सैनिकांना ठाऊक असते. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र यांचे शिक्षण सैन्याने सोडलेले नाही. सामान्य माणसाला हा धोका दूरचा वाटत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचे प्रकार घडले आणि पुढच्याच महिन्यात सरकारने संसदेत ते मान्य केले. तोवर अमृतसर-जम्मूच्या सीमाभागापुरता मानला जाणारा हा उपद्रव राजधानीच्या दारात आला. मोटारीला त्याचा त्रास सहसा होत नाही, हे खरे. पण जिच्या भरवशावर आपण स्टिअरिंग फिरवितो ती सेवा मुळात कोणाची, हा प्रश्न त्यातून पुन्हा वर आला.

जीपीएस ही अमेरिकेच्या सैन्याची निर्मिती. सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. गाडीतील ग्राहकयंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून, ते पोहोचावयास लागलेल्या वेळेवरून आपली जागा काढते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी वापरासाठीचा संकेत हेतुपुरस्सर बिघडवून दिला जात असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. क्लिंटन प्रशासनाने तो बिघाड काढून घेतला आणि मोटारीतील दिशादर्शकाचा बाजार खऱ्या अर्थाने उघडला. शंभर मीटरची चूक असलेल्या यंत्राने म्हापशाच्या बाजारात कोणती गल्ली घ्यावी हे सांगणे अशक्यच होते.

कारगिलच्या युद्धात या सेवेची माहिती भारताला नाकारली गेली, असे सांगितले जाते. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर भारताने स्वतःची प्रादेशिक व्यवस्था उभारण्याचे ठरविले. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी, आणि त्याच दिवशी या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले. नाव सुंदर, कथाही अभिमानाची. पण पुढचा प्रवास खडतर निघाला. पहिल्याच उपग्रहावरील आयात केलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या बदली पाठविलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवच न उघडल्यामुळे वाया गेला. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला एनव्हीएस-०१ यशस्वी झाला, तर २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून गेलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, आजवर सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीची सेवा देण्याच्या स्थितीत चारच होते. स्थान काढण्यासाठी किमान चार लागतात. म्हणजे हाताशी राखीव एकही नव्हता.

ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, खोक्यावर ‘नाविकसज्ज’ असे छापलेले पाहून जादा पैसे मोजण्यात आज तरी हशील नाही. बहुतेक नवी ग्राहकयंत्रे जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि नाविक यांपैकी मिळतील तितके संकेत एकत्र वापरतात. घाटात, उंच झाडीत किंवा इमारतींच्या दाटीत आकाशाचा तुकडाच दिसतो, तेव्हा जितके जास्त उपग्रह तितकी जागा अधिक नेमकी कळते. राष्ट्राभिमान वेगळा आणि चोर्ला घाटातले वळण वेगळे.

गाडीत ठेवावयाचे स्वतंत्र दिशादर्शक यंत्र साधारण पंधरा-अठरा वर्षांपूर्वी भारतात दिसू लागले. गार्मिनची यंत्रे होती, मॅपमायइंडियाची होती, हैदराबादच्या सॅटनॅव्हचे नकाशे होते. काचेला रबरी टोपीने चिकटणारा हा चौकोनी डबा त्या काळी श्रीमंतीची खूण मानला जाई. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने मोबाइलवर वळणावळणाचे मार्गदर्शन फुकट देण्याची घोषणा अमेरिकेत केली आणि त्या दिवशी गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांचे समभाग कोसळले. भारतात तो परिणाम थोडा उशिरा आला, इतकेच. आज दुकानात जाऊन असा डबा मागितला तर दुकानदार बहुधा मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ पुढे करील. ज्याला वेगळे यंत्र हवेच आहे त्याला ऑनलाइन बाजार धुंडाळावा लागतो, आणि परदेशातून आणलेले यंत्र असेल तर त्यात भारताचा नकाशा आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. परदेशातील नातेवाइकाने प्रेमाने पाठविलेले यंत्र अमेरिकेचे रस्ते दाखवीत कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे गोव्यात शोधली तर पुष्कळ सापडतील.

तरीही त्या डब्याची एक बाजू आहे, आणि ती मोबाइलच्या झगमगाटात विसरली गेली. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. उपग्रहाचा संकेत फुकट आणि थेट येतो. मोबाइल मनोऱ्याशी त्याचा संबंध नाही. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी, वाहतुकीची कोंडी समजण्यासाठी आणि नवा मार्ग आखून मिळण्यासाठी. स्वतंत्र यंत्राच्या पोटात देशाचा संपूर्ण नकाशा साठविलेला असतो. खानापूरच्या रानात अडकलेल्या गाडीत असे यंत्र असते तर मागे फिरण्याचा रस्ता त्यावर दिसत राहिला असता. मोबाइलवरही ही सोय आहे : निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो. पण ही दोन मिनिटांची तयारी करणारे प्रवासी किती? महूहून गोव्याला येणाऱ्याने धुळे, पुणे, बेळगाव आणि संपूर्ण गोवा असे तुकडे उतरवून घेतले, तर अनमोड किंवा चोर्ला घाटात नेटवर्क गेले तरी पडदा कोरा पडत नाही. बंद करून दूर नेलेल्या यंत्राला पहिल्यांदा आकाश ओळखण्यास काही मिनिटे लागतात, हेही ध्यानात ठेवावे. मोबाइल ही माहिती मनोऱ्यांकडून मिळवितो म्हणून तो चटकन जागा होतो. स्वतंत्र यंत्राला ती उपग्रहांकडूनच हळूहळू वाचावी लागते. गाडी सुरू करून, उघड्यावर क्षणभर थांबून, मग निघणे हिताचे.

साठविलेल्या नकाशाचा दोषही याच गुणातून जन्मतो. तो शिळा होतो. महूहून मानपूर ओलांडले की विंध्याचे पठार संपते आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. या उतारावरील धार जिल्ह्यातील गणपती घाट ब्रेक निकामी होऊन घडलेल्या अपघातांसाठी वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होता. तेथे सुमारे नऊ किलोमीटरचा पर्यायी मार्ग २०२४ च्या अखेरीस खुला झाला. त्यापूर्वीचा नकाशा ज्या यंत्रात आहे त्याला हा रस्ता ठाऊकच नाही. नव्या रस्त्यावरून धावणारी गाडी त्याच्या पडद्यावर डोंगरात भरकटलेली दिसते आणि आतला आवाज परत फिरण्याचा घोषा लावतो. म्हणून स्वतंत्र यंत्र घेताना किंमत आणि पडद्याचा आकार यांहून महत्त्वाचा प्रश्न हा की, नकाशा किती वर्षे, किती वेळा आणि किती पैशांत अद्ययावत करून मिळणार. आयुष्यभर मोफत म्हणजे यंत्राच्या आयुष्यभर, घेणाऱ्याच्या नव्हे. कंपनीने ते मॉडेल सोडून दिले की ते आयुष्य संपले.

वाटेतील दुसरी अडचण क्रमांकांची. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. गोवेकराच्या तोंडी अजून ‘एनएच १७’ आणि ‘चार-ए’ आहे. यंत्र ६६ आणि ७४८ म्हणते. आग्रा-मुंबईचा जुना तीन क्रमांक महूपाशी आता ५२ झाला आहे. गंमत अशी की, हाच ५२ क्रमांकाचा महामार्ग धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर, विजापूर, हुबळी असे करीत थेट अंकोल्याला येऊन समुद्राला भिडतो. अंकोल्याहून कारवार आणि कारवारहून काणकोण. म्हणजे महूच्या दारातला रस्ता क्रमांक न बदलता गोव्याच्या दक्षिण उंबऱ्याशी येतो. तरीही बहुतेक गाड्या नाशिक-पुणे-बेळगाव असा मार्ग धरतात, कारण नकाशा वेळ मोजतो. आणि वेळेचा हा हिशेब मोटारीचा असतो. याच ५२ क्रमांकाच्या वाटेवर कन्नडच्या औट्रम घाटात अवजड वाहनांना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२३ पासून बंदी आहे. मोटारीसाठी बनविलेल्या नकाशावर विसंबणारा मालवाहू गाडीचा चालक घाटाच्या तोंडाशी जाऊनच ते शिकतो. अवजड वाहनांसाठी उंची, वजन आणि बंदी यांचा विचार करणारी वेगळी यंत्रे परदेशात सर्रास वापरली जातात. आपल्याकडे ट्रकचालकाच्या हाती तोच फुकटचा मोबाइल नकाशा असतो, जो त्याच्या चाळीस टनांना छोट्या मोटारीसारखे वागवितो.

तिसरी अडचण नावांची, आणि ती गोव्याइतकी कोणाला परिचित असणार? महूचे अधिकृत नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. रेल्वे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते. परंतु ‘आंबेडकर नगर’ हा उत्तर प्रदेशातील एक जिल्हाही आहे, दिल्लीत त्या नावाची वस्ती आहे आणि महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक शहरात एक आंबेडकर नगर आहेच. १४ एप्रिलला जन्मभूमीच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून महूला मोठ्या संख्येने अनुयायी जातात. त्यांच्यापैकी एखाद्याने अपुरे नाव टाकून पहिलाच पर्याय निवडला तर गाडीचे तोंड अयोध्येच्या दिशेने वळेल. नामांतर करणे हा लोकभावनेचा आणि सन्मानाचा विषय आहे. ते नकाशात नीट नोंदविणे हे नंतरचे कारकुनी काम. पहिल्याचा समारंभ होतो, दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही.

गोव्यात तर पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीतील नावांनी यंत्राची बोबडी वळविली आहे. केपेचे ‘क्वेपेम’, सांगेचे ‘सांग्वेम’, डिचोलीचे ‘बिकोलिम’, कुंकळ्ळीचे ‘कुन्कोलिम’, शेल्ड्याचे ‘झेल्डेम’, पैंगीणचे ‘पॉइंग्विनिम’ असे उच्चार ऐकून स्थानिक हसतो आणि पाहुणा गोंधळतो, कारण रस्त्यावरच्या माणसाला त्याने ‘झेल्डेम’ विचारले तर कोणी ओळखत नाही. सावर्डे कुडचड्याजवळ आहे, सत्तरीतही आहे आणि कोकणात चिपळूणजवळही आहे. यंत्र विचारीत नाही की कोणते. ते आपल्या अंदाजाने एक निवडते. काही वर्षांपूर्वी बाग्याच्या वाटेवर लोकांनी लावलेल्या एका फलकाचे छायाचित्र देशभर फिरले होते. गूगलने तुम्हांला फसविले आहे, हा रस्ता बागा किनाऱ्याकडे जात नाही, मागे फिरा, असा त्याचा आशय. तो फलक विनोद म्हणून गाजला. ज्यांच्या अंगणातून दिवसभर गाड्या मागे-पुढे होत होत्या, त्यांचा तो वैताग होता, ही गोष्ट त्या हशात राहूनच गेली. कापडाच्या एका तुकड्याने जे काम केले ते करण्यास नकाशा कंपनी, पंचायत आणि पर्यटन खाते यांपैकी कोणीही पुढे आले नाही, हे त्यातले खरे वृत्त.

येथे जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. बरेलीच्या अपघातानंतर पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चार अभियंत्यांची नावे होती, आणि त्यांच्याबरोबर नकाशा कंपनीचा एक अनाम अधिकारीही होता. ही जोडी अर्थपूर्ण आहे. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता. तेथे भक्कम अडथळा नव्हता. नकाशाला तो तुटल्याचे ठाऊक नव्हते, पण रात्रीच्या अंधारात नकाशाविना आलेल्या चालकालाही ते कळले नसते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातही सप्टेंबर २०२२ मध्ये, वर्षांपूर्वी कोसळलेल्या पुलावरून गाडी जाऊन एकाचा मृत्यू झाला आणि कुटुंबाने नकाशा कंपनीवर दावा लावला. कंपन्यांचे उत्तर जगभर ठरलेले असते : आम्ही सल्ला देतो, रस्ता तुम्ही पाहावयाचा असतो. कायद्याने कदाचित ते टिकेलही. पण तोच सल्ला कोट्यवधी लोक आज्ञेसारखा पाळतात, आणि त्या पाळण्यावरच कंपनीचा व्यवसाय उभा आहे, याकडे डोळेझाक करता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला शासन. पूल कोसळला, दरड आली, रस्ता खचला, तर त्याची माहिती ठरावीक वेळेत आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध करण्याची सक्ती आज रस्ता सांभाळणाऱ्या खात्यावर असल्याचे दिसत नाही. गोव्याच्या सीमेवरच दोन ताजी उदाहरणे आहेत. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवार-सदाशिवगड दरम्यानचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. ट्रकसह नदीत पडलेल्या चालकाला वाचविण्यात यश आले. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात दूधसागर मंदिराजवळ रस्त्याचा भाग खचला आणि अवजड वाहतूक बंद करावी लागली. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरते, वृत्तपत्रे बातमी देतात. हे सारे गोव्यातल्या आणि बेळगावातल्या माणसासाठी. महूहून आदल्या दिवशी निघालेल्या चालकाने स्थानिक मराठी किंवा कन्नड दैनिक वाचलेले नसते. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे एकच दार असते, ते म्हणजे त्याच्या पुढ्यातला पडदा, आणि त्या दारावर शासन टकटक करीत नाही. गाड्या अडल्या, थांबल्या, मागे वळल्या की त्यांच्या हालचालींवरून नकाशाला कळते की येथे काहीतरी बिघडले आहे. थोडक्यात, पहिल्या काही गाड्यांनी ठेच खावी आणि मागच्या गाड्यांनी शहाणे व्हावे अशी ही पद्धत आहे. वर्दळीच्या महामार्गावर ती मिनिटांत काम करते; रानातल्या एकाकी रस्त्यावर पहिली गाडी हीच त्या रात्रीची शेवटची गाडी असते.

हालचाली सुरू नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरील जुने निर्बंध सैल केले. देशी कंपन्यांना परवानगीविना सविस्तर नकाशे करण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मॅपमायइंडियाच्या ‘मॅपल्स’ या स्वदेशी नकाशाची जाहीर शिफारस केली आणि त्याचा बोलबाला झाला. उड्डाणपुलावर चढावे की खालून जावे हे त्रिमितीत दाखविण्याची त्यातली सोय खरोखरच उपयोगी आहे. बेलापूरच्या प्रसंगात नेमका हाच घोळ झाला होता. पण नकाशा स्वदेशी असला म्हणून खचलेल्या रस्त्याची बातमी त्याला आपोआप कळत नाही. डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने रिलायन्स जिओशी करार केला असून, अपघातप्रवण जागा, मोकाट गुरे, धुके आणि वळविलेली वाहतूक यांची सूचना चालकाच्या मोबाइलवर आधीच देण्याचा त्यामागे उद्देश आहे. कल्पना चांगली आहे. मात्र ती मोबाइल मनोऱ्यांवर चालणार, आणि ज्या घाटांत सूचनेची सर्वाधिक गरज तेथेच मनोऱ्यांची वानवा. शिवाय ती राष्ट्रीय महामार्गांपुरती. शिरोली-हेम्मडग्याचा रस्ता त्यात बसत नाही, बाग्याची पाणंद तर नाहीच.

या सर्वांत छावणीचे म्हणून एक वेगळे गणित आहे. महूसारख्या गावात नकाशावर सरळ दिसणारा रस्ता सुरक्षेच्या कारणास्तव फाटक लावून बंद केलेला असू शकतो. देशातील ६२ छावण्यांमधील बंद रस्त्यांचा प्रश्न २०१८ मध्ये इतका तापला की संरक्षण मंत्रालयाला ते खुले करण्याचे आदेश द्यावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने धावणाऱ्यांच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये अनेक देशांचे लष्करी तळ त्यावर उजळून दिसत असल्याचे लक्षात आले. वाट दाखविणारे यंत्र वाट नोंदवूनही ठेवते, हे तेव्हा जगाला उमगले. मोबाइलवरील फुकट नकाशाचे मोल प्रवासी याच नोंदीने चुकवितो. कोठे राहतो, कोठे थांबतो, कोणत्या रुग्णालयात जातो, सारे. नेटवर्कशी न जोडलेला जुना डबा या बाबतीत मुका आहे, आणि काहींना आज तो त्यासाठीच हवासा वाटतो. महूच्या छावणीत राहणाऱ्या कुटुंबांना ही बाब इतरांपेक्षा लवकर पटावी.

कायद्याचेही थोडे भान हवे. गाडी चालविताना मोबाइल हाती धरल्यास दंड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार पहिल्या वेळी तो एक ते पाच हजार रुपये होऊ शकतो. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीने मार्ग पाहण्यापुरती सवलत दिली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे यंत्र पक्क्या कोंदणात, नजरेच्या रेषेत पण समोरचा रस्ता न झाकणारे असावे, पत्ता निघण्यापूर्वीच भरलेला असावा आणि आवाज चालू असावा. शेजारच्या आसनावरील माणसाने नकाशा सांभाळणे हा त्याहून जुना आणि स्वस्त उपाय. चालविणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही. शेजारी बसलेल्याला काच खाली करून ‘दादा, हा रस्ता पुढे जातो ना?’ असे विचारता येते.

इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या, महूमार्गे जाणाऱ्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च १८ हजार ३६ कोटी रुपये. तो होईपर्यंत माळव्यातून दक्षिणेकडे येणाऱ्यांचा मुख्य भरवसा रस्त्यावरच राहणार आणि गोव्याच्या सीमेवर त्या गाड्या येतच राहणार. पत्रादेवी, मोले, केरी आणि पोळे या चारही प्रवेशद्वारांवर वाहनांची कागदपत्रे तपासणारी माणसे असतात. घाटाची आजची स्थिती, नेटवर्क कोठे तुटते आणि कोणती वाट जंगलात शिरते, एवढे सांगणारा मराठी, हिंदी आणि इंग्रजीतील एक फलक तेथे लावावयास उपग्रह लागत नाही. पावसाळा जूनमध्ये येतो; अनमोडचा कडा तेव्हा पुन्हा ओला होणारच.